वैशालीला न सांगितलेली पाळी

ऑक्टोबर संपत आला की इथे आल्मेरेत, या डच शहरात, उजाडायला फार वेळ लागतो. आठ वाजत आले तरी खिडकीबाहेर काळोख असतो, सायकलींचे दिवे त्यातून ये-जा करत असतात आणि दार उघडलं की ओल्या, कुजत चाललेल्या पानांचा किंचित आंबट वास आत येतो. मग महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात आणि थोडे दिवस सकाळ परत मिळाल्यासारखी वाटते. तळ्यावरून रानहंसांचे थवे ओरडत जातात. या दिवसांत मी तळ्याकडे जात नाही. स्टेशनला जायला तोच रस्ता जवळचा, पण मी घरांच्या रांगांमधून वळसा घेऊन जाते. निखिल, माझा नवरा, एकदा म्हणाला, "पाच मिनिटं उगाच वाढतात." मी म्हटलं, "वाढू देत."

तीन वर्षांपूर्वी याच मोसमात मी आणि वैशाली त्या तळ्याला आठवड्यातून चार सकाळी फेरी मारायचो. पूर्ण फेरीला सव्वा तास लागायचा. वारा समोरून असला तर दीड.

वैशालीची ओळख डच भाषेच्या वर्गात झाली. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर मंगळवारी संध्याकाळी तो वर्ग भरायचा. मी पुण्याची, ती सांगलीची. मी इथे निखिलसारखीच आयटीत नोकरी करत होते. ती तिकडे शाळेत गणित शिकवायची आणि नवऱ्याच्या, प्रसादच्या, नोकरीमुळे इथे येऊन घरी बसली होती. उंच, सावळी, बोलताना समोरच्याच्या मनगटाला हात लावायची सवय. एकदा बाईंनी आम्हाला संवाद करायला सांगितला: एकीने डॉक्टर व्हायचं, दुसरीने पेशंट. मी डच भाषेत विचारलं, "तुमची तक्रार काय?" तिने पुस्तकातलं उत्तर दिलं, घसा दुखतो. मग खालच्या आवाजात मराठीत म्हणाली, "खरी तक्रार यांच्या पुस्तकात नाही. मला आठ महिने पाळी आलेली नाही."

मी म्हटलं, "मला पाच."

बाईंना वाटलं आम्ही मन लावून सराव करतोय. त्यांनी लांबून अंगठा दाखवला.

दोघींनाही पीसीओएस. म्हणजे पाळी महिनोन्महिने गायब, हनुवटीवर राठ केस, मानेवर काळसर पट्टा आणि चढलेलं वजन उतरता उतरत नाही. आमचे डॉक्टरही एकच निघाले. इथे त्यांना हाउसआर्ट्स म्हणतात, आपल्या फॅमिली डॉक्टरसारखे. दहा मिनिटांची भेट, शांत आवाज, समोर पाण्याचा ग्लास. त्या बाईंनी आम्हाला वेगवेगळ्या दिवशी तेच सांगितलं होतं. वजन थोडं जरी कमी झालं तरी पाळी परत येऊ शकते. आणि तोवर तीन महिने आली नाही, तर दहा दिवसांच्या गोळ्या घेऊन ती आणायची, आतलं अस्तर साचून राहणं बरं नाही. यातलं पहिलं वाक्य आम्ही दोघींनी उराशी धरलं. दुसरं ऐकलं आणि सोडून दिलं.

वैशालीने त्या गोळ्या पूर्वी वर्षानुवर्षं घेतल्या होत्या. "ती पाळी माझी नसते गं," ती म्हणायची. "गोळीने आणलेली. गोळी थांबवली की थांबते. मला आता मोठेपणी एकदा तरी आपोआप यायला हवी आहे." पहिल्याच फेरीत, तळ्यावरच्या लाकडी पुलावर, आमचं ठरलं: गोळी घ्यायची नाही, वजन उतरवायचं आणि वाट बघायची. मी लगेच हो म्हटलं. तिच्याबरोबर काहीतरी ठरवण्यात मला गंमत वाटत होती. परदेशात इतक्या आतलं बोलायला मिळालेली ती पहिलीच बाई.

त्या सकाळी अजून अंगावर आहेत. गवतावरचं दंव बुटांत शिरायचं. पाण्यापलीकडे उंच इमारतींत एकेक दिवा लागायचा. नाक गळायचं, कान बधिर व्हायचे आणि आम्ही बोलत राहायचो. कोणत्या पिठाची भाकरी पोटात जास्त वेळ राहते, थ्रेडिंग करणारी बाई आल्मेरेत कुठे आहे, सासूबाई व्हिडिओ कॉलवर पोटाकडे कशा बघतात. कंबरेवरची पॅन्ट सैल व्हायला लागली तेव्हा आम्ही पुलावर उभं राहून एकमेकींना ती दोन बोटं पुढे ओढून दाखवली होती. मागून सायकलवरून आलेल्या एका आजोबांनी घंटी वाजवली आणि आम्ही दोघी शाळेतल्या मुलींसारख्या हसत बाजूला झालो.

एका फेरीत तिने मला तिच्या घरचं सांगितलं. सांगलीला त्यांच्याकडे बाजूला बसायची पद्धत होती, चार दिवस. वैशालीची पाळी तेराव्या वर्षी एकदा आली आणि मग वर्षभर आलीच नाही. मोठ्या काकूंना वाटलं, पोरगी लपवते आणि तशीच देवघरात वावरते. त्यांनी एकदा सगळ्यांसमोर तिला विचारलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. येतच नाही हे सांगितलं असतं तर डॉक्टर, नवस, गावभर चर्चा. त्यापेक्षा मी खोटंच बसायला लागले. महिन्यातून चार दिवस. चुलत बहिणीचं झालं की आठवड्याने माझं, असं ठरवून टाकलं. कोपऱ्यात चटई, वेगळं ताट. लग्न होईपर्यंत."

"कोणाला कळलं नाही?"

"आईला कळलं असणार. कपडे धुवायला कधी निघालेच नाहीत ना. पण ती काही बोलली नाही. ताट आणून द्यायची आणि थोडा वेळ दारात उभी राहायची."

आम्ही तशाच चालत राहिलो. एक बगळा बराच वेळ आमच्यापुढे काठाकाठाने सरकत होता.

तिला आणि प्रसादला मूल हवं होतं. हे ती क्वचित म्हणायची, पण प्रत्येक वाक्याच्या तळाशी ते होतं. माझं आणि निखिलचं तसं काही ठरलेलं नव्हतं. आम्ही तो विषय पुढच्या वर्षावर ढकलायचो, आणि ते वर्ष आलं की पुन्हा पुढच्या. म्हणून नंतर जे झालं ते मला जास्त लागलं असावं. ज्याची तिने इतकी वाट बघितली ते माझ्याकडे आलं, आणि मी तर अजून दार उघडायचं की नाही याच विचारात होते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ऑफिसात कंबरेत एक ओढ जाणवली. आधी गुलाबी ठिपका, संध्याकाळपर्यंत तांबडं. तो लोखंडासारखा वास मी विसरून गेले होते. ऑफिसच्या बाथरूममध्ये बसून मी रडले. पहिला विचार वैशालीचा आला. फोन काढून "आली" एवढंच टाइप केलं. मग पुसलं. त्याच सकाळी पुलावर ती म्हणाली होती, "लग्नात होतं तेवढं झालं माझं वजन. तरी काही नाही. माझं शरीर मला ओळखतच नाही बहुतेक." तिचं वजन माझ्यापेक्षा जास्त उतरलं होतं. ती सगळं माझ्यापेक्षा नीट करत होती. मी ऑफिसात कोणाचा वाढदिवस असला की केक खायचे. ती स्वतःच्या वाढदिवसालाही खात नव्हती.

आज नको, शनिवारी सांगू, असं मी ठरवलं. शनिवारी तिनेच विचारलं, "तुझं काही?"

"नाही गं."

तिने माझा हात तिच्या काखेत ओढून घेतला आणि आम्ही तसंच चालायला लागलो. तिचा चेहरा मोकळा झालेला मी बघितला. मी एकटी नाही, असं तिला वाटलं होतं. त्या चेहऱ्यासाठी मी पुढचे तीन महिने खोटं बोलत राहिले. तेव्हा ते मला प्रेमच वाटत होतं.

जानेवारीत माझी पाळी अशी आली की थांबेचना. एकोणीस दिवस. बेडवर टॉवेल घालून झोपायचे, जिने चढताना डोळ्यांपुढे काजवे. हाउसआर्ट्सने रक्त तपासलं, गोळ्या दिल्या, म्हणाली, इतक्या महिन्यांनी चक्र सुरू होताना असं होऊ शकतं, पण परत झालं तर लगेच या. वैशालीला मी सांगितलं, गुडघा दुखतोय. ती दुसऱ्या दिवशी घरी आली. गरम पाण्याची पिशवी, तिळाचं तेल आणि ज्वारीच्या दोन भाकऱ्या. सोफ्याजवळ खाली बसून तिने माझा न दुखणारा गुडघा अर्धा तास चोळला. "सूज नाहीये," ती म्हणाली. "आतून दुखत असेल." मी मान हलवली. तिच्या बोटांना कपड्यांच्या साबणाचा वास येत होता. माझ्या ओटीपोटात कळा येत होत्या आणि मी गुडघ्यासाठी कण्हत होते.

फेब्रुवारीत पाणी गोठलं. तळ्याच्या कडेला बर्फाचे पातळ पापुद्रे आणि त्यावर घसरणारी बदकं. एका सकाळी वैशाली पुलावर माझ्या आधी येऊन उभी होती. हातात डबा. मला बघून तिने झाकण काढलं. शिरा होता, केळं घातलेला, त्या थंडीत वाफाळणारा.

"आली," ती म्हणाली. "आपोआप."

आम्ही एकमेकींना मिठी मारली, जाड जॅकेटांमुळे नीट जमली नाही. मी खरंच आनंदाने रडले, कारण आता मला खोटं बोलावं लागणार नव्हतं. पुढच्या महिन्यात माझीही आली म्हणून सांगून टाकायचं, सगळं सरळ होईल, असा हिशोबही मी तिथेच उभ्या उभ्या केला. तिने सांगलीला आईला फोन केला होता. आई काही बोलली नाही, नुसती रडली, असं ती सांगत होती आणि चमच्याने मला शिरा भरवत होती.

पण तिचं ते रक्त थांबत नव्हतं. जास्त नाही, थोडंसं, तपकिरी. दोन दिवस बंद, परत चालू. दोन आठवडे झाले, तीन झाले.

"असं असतं का गं?" तिने विचारलं.

"इतक्या महिन्यांचं साचलेलं आहे. जाईल हळूहळू."

"तुला काय माहीत?"

"वाचलं कुठेतरी."

माझं जानेवारीतलं मी तिला लावत होते. डॉक्टरकडे जा, असं म्हणायला हवं होतं. पण ती इतकी आनंदात होती की तिला त्या रक्ताबद्दल शंका नको होती, आणि मला तिच्या आनंदात ढवळाढवळ नको होती. मी स्वतः मात्र एकोणीस दिवसांत दोनदा डॉक्टरकडे जाऊन आले होते.

मार्चमध्ये वाटेच्या कडेला जांभळी-पांढरी फुलं उगवली, जमिनीतून सरळ वर आल्यासारखी. ऊन होतं. मी फिकट राखाडी पॅन्ट घातली होती. माझी तारीख दोन दिवसांवर होती, म्हणून बेसावध होते. अर्ध्या फेरीवर वैशाली एक पाऊल मागे राहिली. मग तिने स्वतःचं जॅकेट काढलं, माझ्या कंबरेभोवती बांधलं आणि बाह्यांची गाठ पुढे घट्ट मारली. स्वेटरवर उभी होती ती, वाऱ्यात.

"चल, घरी सोडते तुला," ती म्हणाली.

आम्ही चालू लागलो. पुलाजवळ आल्यावर तिने विचारलं, "पहिली नाही ना ही?"

"नाही."

"किती महिने?"

"डिसेंबरपासून."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती मोजत होती, गणिताच्या बाईसारखी, ओठ किंचित हलवत. "म्हणजे गुडघा," ती म्हणाली. मी मान खाली घातली.

"तुला वाईट वाटेल म्हणून, वैशाली."

"वाटलं असतंच. रडले असते एक दिवस." मग म्हणाली, "पण मग मी डॉक्टरकडे गेले असते गं. वजन उतरून तुझी आली आणि माझी येत नाही, म्हणजे माझ्यात काहीतरी वेगळं आहे, हे मला कळलं असतं. मला वाटत होतं, दोघींचं सारखंच चाललंय. वेळ लागतो."

माझ्या दाराशी आल्यावर मी जॅकेट सोडायला लागले. तिने हात धरला. "राहू दे. धुऊन दे." आणि ती तशीच स्वेटरवर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः हाउसआर्ट्सला फोन केला. तिथून हॉस्पिटल, सोनोग्राफी, मग आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला. प्रसादला त्या दिवशी मीटिंग सोडता आली नाही, म्हणून रिपोर्टच्या दिवशी तिने मला बोलावलं. दुसरं कोण होतं तिला इथे. डॉक्टर उंच, पिकल्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी कोऱ्या कागदावर पेनने गर्भाशय काढलं आणि आतली रेघ पुन्हा पुन्हा गिरवून जाड केली. अस्तर फार वाढलंय, काही पेशी बदलल्या आहेत. कॅन्सर नाही, पण त्या वाटेवर आहे. जे रक्त येत होतं ते पाळीचं नव्हतं.

वैशालीने तो कागद स्वतःकडे ओढून घेतला आणि त्या गिरवलेल्या रेघेवर बोट ठेवलं. "आईला मी फोन केला होता," ती मराठीतच म्हणाली. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागल्या. मी भाषांतर केलं नाही.

मग मीच इंग्रजीत विचारलं, "ती डिसेंबरमध्येच तुमच्याकडे आली असती तर?"

"ते सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हे बहुधा बऱ्याच काळापासून वाढत होतं. काही महिने आधी आल्याने फरक पडला असता किंवा नसता."

वैशालीने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग होता की दया, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. किंवा नसता, हे शब्द मी पुष्कळ दिवस धरून ठेवले. मग एक दिवस लक्षात आलं की मी दर वेळी वाक्याचा अर्धाच भाग धरते.

तिला मूल हवं होतं म्हणून आधी औषधांनी बघितलं. उन्हाळाभर ते चाललं. रात्री दहापर्यंत उजेड, लोक तळ्यात पोहत होते, बोटी काढत होते, आणि ती पडदे ओढून बसायची. औषधाने तिचं उतरवलेलं वजन परत चढलं. "बघ, सगळी चाल वाया गेली," ती एकदा म्हणाली, अगदी सहज. ऑगस्टमधली तपासणी आधीपेक्षा वाईट निघाली. सप्टेंबरमध्ये तिचं गर्भाशय काढलं. सदतीस वर्षांची होती.

हॉस्पिटलमध्ये मी मेतकूट-भात घेऊन गेले. प्रसाद खिडकीशी उभा होता, पाठमोरा. त्याने वळून डबा घेतला, "थँक्यू" म्हणाला आणि खाली कॉफी आणायला गेला. तो परत येईपर्यंत आम्ही दोघीच होतो. तिने चार घास खाल्ले. मी म्हटलं, "मला माफ कर, असं मी म्हणणार नाही. तुला उत्तर द्यावं लागेल."

"नको म्हणूस," ती म्हणाली. चादरीवरून हात फिरवत राहिली. "मी सोळा वर्षं पाळी आल्याचं नाटक केलं. तू तीन महिने न आल्याचं केलंस. तुझ्यावर रागवायला गेले की मला माझी चटई दिसते. त्यामुळे नीट रागवताही येत नाही."

पुढच्या वसंतात ते इथल्याच दुसऱ्या शहरात, ब्रेडाला, गेले. प्रसादला तिथल्या ऑफिसात जागा मिळाली, आणि तिला आल्मेरे नको झालं होतं. सामान बांधायला मी गेले होते. बाथरूमचं कपाट आवरताना तिने पॅडची तीन न फोडलेली पाकिटं काढली आणि माझ्या पिशवीत टाकली, एखाद्या शेजारणीला उरलेली कोथिंबीर द्यावी तशी. मीही नाही म्हटलं नाही. ती पाकिटं मी वापरली. आणखी काय करणार होते.

नंतर फोन कमी झाले. दिवाळीच्या शुभेच्छा, एखादा फोटो. दोष कोणाचा असं नव्हतं. तिच्याकडे सांगण्यासारखं नसायचं आणि माझ्याकडे विचारण्याचं धैर्य नसायचं. ती तिथे मुलांना गणित शिकवायला लागली, हे मला दुसऱ्याच कोणाकडून कळलं. माझं मात्र सगळं सुरळीत झालं. वजन थोडं परत आलं, तरी पाळी चौतीस-पस्तीस दिवसांनी येत राहिली. तिच्या येण्याचा आनंद मला त्या पहिल्या दिवसानंतर कधी झाला नाही. येते, दोन दिवस दुखते, जाते. निखिलला मी एवढंच सांगितलंय की मुलाचा विषय यंदाही राहू दे. तो का म्हणून विचारत नाही.

गेल्या रविवारी दुपारी तिचा फोन आला. खूप महिन्यांनी. सुरुवातीला ब्रेडाच्या हवेचं, तिथे मिळणाऱ्या कढीपत्त्याचं, एका विद्यार्थिनीचं बोलणं झालं. मग ती म्हणाली, "तुझी येते ना वेळेवर?"

काय उत्तर द्यावं, म्हणजे तिला कमी लागेल, हे जुनं गणित माझ्या डोक्यात लगेच सुरू झालं. मी ते थांबवलं.

"हो. कालच आली."

पलीकडे नळ चालू होता, तो तिने बंद केला.

"दुखतं?"

"पहिल्या दिवशी दुखतं. कंबरेतून खाली."

"गोळ्यांची कधी दुखायची नाही गं मला. तेराव्या वर्षीची तर आठवतही नाही. आणि ती फेब्रुवारीतली तर पाळीच नव्हती." ती खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला. "आपोआप येते ती कशी येते, ते मला सांग. पहिल्यांदा आली तेव्हापासून सांग. मला घाई नाही."

मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि डिसेंबरपासून सांगायला सुरुवात केली.